रांगेतली शेवटची सायकल

२२

एप्रिलमधला पहिला कोरडा गुरुवार म्हणजे आमच्याकडे सणच. आठ दिवस पावसाने नुसता वैताग आणला होता. त्या सकाळी पडदा सरकवला तर आभाळ स्वच्छ निळं! मी पाव उभ्या उभ्याच खाल्ला, थर्मासात कॉफी ओतली, टायरमध्ये हवा भरली आणि दहाला पाच कमी असताना दूर्न गावच्या चर्चसमोर हजर झाले. सहासष्ट वय आहे माझं, पण मोसमातल्या पहिल्या फेरीच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही, खोटं कशाला बोलू.

आमचा आठ जणांचा गट. दर गुरुवारी चाळीस-पन्नास किलोमीटर, टेकड्यांवरच्या रानातून आणि जुन्या इस्टेटींच्या बागांमधून. टेकड्या म्हणजे तरी काय, सगळ्यात उंच टेकडी एकोणसत्तर मीटर. डोंगराळ मुलखातली माणसं ऐकून हसतात. हसू देत. देश सपाट आहे आमचा, आम्हाला तेवढी चढण पुरते.

वाट शोधावी लागत नाही. जिथे दोन सायकलवाटा भेटतात तिथे हिरव्या आकड्याचा खांब असतो, आणि पुढच्या आकड्याकडे बाण. घरून निघताना आकडे कागदाच्या पट्टीवर लिहायचे, पट्टी हँडलला चिकटवायची आणि एका आकड्यावरून दुसऱ्यावर जायचं. त्या दिवशीची पट्टी होती २२, ७१, १५, ३७, ४८ आणि मग कॉफीघर. मीही हे त्याच आकड्यांनी सांगणार आहे. मला तो दिवस तसाच आठवतो.

आणखी एक. रांगेत चालवताना आमच्या हाका ठरलेल्या असतात. वाटेच्या मधोमध रोवलेला खुंट दिसला की पुढचा ओरडतो, "खुंट!", आणि एकेकाने ती हाक मागे पोचवायची. समोरून कोणी आलं की "समोरून!" पाठीमागे कोणी घंटा वाजवली की शेवटचा ओरडतो, "मागून!", आणि सगळी रांग उजवीकडे सरकते. आणि दर वळणावर आमचा पुढारी हात वर करून थांबतो. शेवटची सायकल वळण पार करते, शेवटचा ओरडतो, "सगळे आले!", मगच हात खाली आणि रांग पुढे. ही शेवटची सायकल माझी. एकतीस वर्षं मी पोरांना पोहायला शिकवलं. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला आवाज जायचा, आणि पाण्यातली डोकी सारखी मोजत राहायची सवय. मला नाही तर कोणाला ठेवणार शेवटी?

"मीप, बॅगेत काय विटा भरल्यास का गं?" लूस म्हणाली. ही माझी चाळीस वर्षांची मैत्रीण. दोन वर्षांपासून बॅटरीची सायकल चालवते आणि वर तोंडही चालवते.

"पंक्चरचं सामान आहे. मला ढकलायला बॅटरी नाही बाई तुझ्यासारखी."

"जळतेस!"

"दमते. दमल्यावर केक गोड लागतो. तुला काय कळणार?"

बेरेंड, आमचा पुढारी, घड्याळ बघत होता. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली त्याची. दहा म्हणजे दहा. पण आज निघेना. "एक जण यायचाय," म्हणाला. "आज पुन्हा आठ होणार आपण."

आठवी जागा वर्षभर रिकामी होती. कोण येणार म्हणून मी विचारणार, तेवढ्यात चर्चच्या कोपऱ्यावरून घंटा वाजली. ट्रिंग-टक. पितळेची जुनी घंटा, कधीतरी आपटून पोचा आलेला, त्यामुळे अर्धी वाजून अडकते. ही घंटा मी झोपेतसुद्धा ओळखीन. ती आमच्यातल्या आठव्याची, सीत्सेच्या सायकलची, आणि सीत्से मागच्या एप्रिलमध्ये गेला.

सायकलवर त्याचा मुलगा होता, तैमेन. बत्तीस वर्षांचा, बापासारखाच लांब तंगड्यांचा. पोहायला त्याला मीच शिकवलं होतं.

"बाई!" अजून बाईच म्हणतो मला. "चालेल ना मी आलो तर? बाबांची ती फेरी राहिली होती ना, ती एकदा पुरी करायचीय. बेरेंडने मुद्दाम तीच पट्टी काढलीय."

"चालेल म्हणजे काय, धावेल!" मी म्हणाले. मला खरंच फार आनंद झाला. आणि त्या घंटेकडे बघवेना. दोन्ही एकदम.

७१

काय सुरेख सकाळ होती! पहिल्या इस्टेटीच्या फाटकातून आत शिरलो, तर दोन्ही बाजूंना लिंडनच्या झाडांची लांबलचक ओळ, पानं नुकती फुटलेली, इतकी कोवळी की त्यांतून ऊन आरपार खाली येत होतं. उजवीकडे पांढरा बंगला, त्याच्याभोवती खंदक, खंदकात बदकं. ओल्या मातीचा वास, रानलसणीचा वास. "खुंट!" बेरेंड ओरडला. "खुंट! खुंट!" हाक उड्या मारत माझ्यापर्यंत आली. माझ्या पुढे तैमेन, त्याच्या पुढे लूस, आणि मग बाकीचे. सात पाठी. मी मोजल्या आणि मला गाणं म्हणावंसं वाटलं.

आता ती गोष्ट सांगून टाकते. नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

मागच्या वर्षी याच फेरीत, ३७ च्या वळणाआधी, सीत्से माझ्या मागे राहिला. "मीप, एक मिनिट थांब गं, नाडी सुटलीय," असं म्हणाला. मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. पण आम्ही उतार उतरून आलो होतो, अंगात वारं भरलं होतं, पुढे कॉफी होती, केक होता. बेरेंडचा हात वर होता. वळण आलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं. "सगळे आले!" एकतीस वर्षं डोकी मोजणारी मी, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. येईल दोन मिनिटांत, त्याचे पाय लांब आहेत, एवढाच विचार.

तो आला नाही. ४८ च्या बाकापाशी सगळे म्हणाले, गेला असेल घरी मधल्या वाटेने. संध्याकाळी कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका माणसाला तो सापडला. बीचच्या झाडाला पाठ टेकून बसलेला. हृदय बंद पडलेलं. झटक्यात गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले.

बेरेंडने मला विचारलं, "सदतीसला तो रांगेत होता ना?" आणि मी म्हणाले, "होता की. माझ्या पुढे होता. नंतर केव्हातरी मागे फिरला असेल." झालं. एवढंच खोटं. वर्षभर ते मी पोटात घेऊन फिरतेय आणि दर गुरुवारी मोठ्या आवाजात हसतेय.

ट्रिंग-टक.

मागून. चांगली जोरात. सवयीने मी ओरडले, "मागून!" आणि रांग उजवीकडे सरकली. आम्ही सगळे वाटेच्या कडेने चालवत राहिलो. कोणी पुढे गेलं नाही. मी मान वळवली. लिंडनची ओळ, ऊन, रिकामी वाट.

"कोण होतं?" लूसने विचारलं.

"वळला असेल कोणीतरी फाटकातून," मी म्हणाले. मलाही तसंच वाटलं. घंटा काय एकाच सायकलला असते का? पोचा आलेल्या घंटा या देशात हजार असतील. पण माझी नजर तैमेनच्या हँडलवर गेली. दोन्ही हात ब्रेकवर होते त्याचे. पितळी घंटेला त्याने बोटसुद्धा लावलं नव्हतं.

१५

७१ च्या खांबानंतर चढण लागते. रस्ता बागेतून निघून सरळ रानात शिरतो, पाइन आणि बीच, खाली गेल्या वर्षीच्या तांबूस पानांचा थर. मला चढण आवडते. मांड्या पेटतात, श्वास शीळ घालतो, आणि जीव कसा टवटवीत होतो! लूस बॅटरी वाढवून आरामात पुढे गेली आणि वरून हात हलवला निर्लज्जपणे. तैमेन मात्र मागे आला, माझ्या शेजारी.

"बाई, एक विचारू?"

"विचार. दम लागलाय, हो-नाहीच सांगीन."

"बाबा रांगेतून मागे फिरले तेव्हा काही बोलले का?"

मी गिअर बदलला. गरज नव्हती. "नाही रे. मला कळलंच नाही कधी फिरला ते."

त्याने सायकल आणखी जवळ घेतली. मग म्हणाला, "त्या दिवशी सकाळी आम्ही फोनवर भांडलो होतो. मी फोन आपटला. नंतर त्यांनी परत लावला, तो मी उचलला नाही. मला वाटतं ते घरी जायला निघाले होते. माझ्याशी बोलायला. तुमच्याबरोबर राहिले असते तर कोणीतरी मदत केली असती. डॉक्टरकडे नेलं असतं." तो हसल्यासारखं करून म्हणाला, "आईला हे सांगितलेलं नाही मी. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय."

माझं ओझं हा पोरगा वाहतोय, वर्षभर! तेव्हाच सांगायला हवं होतं. एक वाक्य. मी श्वास घेतला, तोंड उघडलं आणि म्हणाले, "खारट गोळी हवी का? काळी, ज्येष्ठमधाची. चढणीवर बरी पडते."

त्याने गोळी घेतली. "थँक्यू, बाई," म्हणाला आणि पुढे गेला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला.

माथ्यावर १५ चा खांब. बेरेंड वळून हात वर करून उभा. एकेक जण वळला. तैमेन वळला. मी वळणात शिरले, ओरडायला छाती भरून घेतली.

"सगळे आले!"

मी ओरडले नव्हते. हाक माझ्या मागून आली, चार-पाच हातांवरून. बेरेंडचा हात खाली गेला आणि रांग चालू लागली. मी भरून घेतलेला श्वास तसाच छातीत होता. तो सोडला आणि मागे पाहिलं. खांब, बाण, पांढरा दगड. कोणी नाही.

मी जोर लावून लूसला गाठलं. "आत्ता ऐकलंस?"

"काय?"

"सगळे आले."

"तुझं ओरडणं? अख्ख्या प्रांताने ऐकलं, मीप. कान फुटले माझे."

"मी ओरडले?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तू नाही तर काय माझी बॅटरी ओरडली? बरी आहेस ना गं?"

आता यावर काय बोलणार? सहासष्टाव्या वर्षी माणूस चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. तोंडाला लागलेली हाक कळत-नकळत निघून गेली असेल. मागच्या वर्षी नव्हती का गेली अशीच? हे मनाशी म्हटलं आणि मला बरं वाटलं. फक्त तो न सोडलेला श्वास आठवत राहिला.

मग उतार आला, आणि खरं सांगते, मी सगळं विसरले! दोन किलोमीटरचा सरळ उतार, गुळगुळीत डांबर. मी हँडलवर वाकले, डोळ्यांतून पाणी, कानात वारं, ताशी चाळीस, त्रेचाळीस, शेहेचाळीस! पुढे तैमेन लहान मुलासारखा किंचाळत होता. "बाबो! बाई, बघा!" मीही किंचाळले. त्या दोन-तीन मिनिटांत मी वीस वर्षांची होते.

उतार संपला, वारं थांबलं, आणि मला चाकाची टिकटिक ऐकू आली. पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून येते तशी. माझ्या चाकाची बारीक असते. ही जड होती, सावकाश होती आणि माझ्या अगदी मागे होती. मी पायडल मारायला लागले. ती चालूच राहिली.

३७

तिथे पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. ३७ ला थांबायचं. रांग थांबवायची. सायकलवरून उतरायचं, मागे वळून नीट बघायचं, मोजायचं, आणि मग तैमेनला बाजूला घेऊन सगळं सांगायचं. आता किंवा कधीच नाही. एकदा ठरवल्यावर मला एवढा हुरूप आला की काय सांगू. दात काढायला निघालेल्या माणसाला दवाखान्याच्या दारात येतो तसा.

वळण दिसलं. उजव्या हाताला तो बीच, करड्या बुंध्याचा, दोघांच्या कवेत न मावणारा. त्याच्यामागे कुंपणासारखी दाट काटेरी झुडपं. पुढे बेरेंडचा हात वर गेला.

टिकटिक माझ्या खांद्याशी आली. मी मान वळवणार होते. शपथेवर सांगते, वळवणार होते. पण मानेच्या मागच्या बाजूला, टोपी आणि कॉलर यांच्या मध्ये, कोणीतरी धापा टाकत सोडलेला गरम श्वास लागला, आणि माझ्याने होईना. डोळे पुढच्या चाकावर रोवले. वाटलं, वळण पार होऊ दे, मग बघते.

"सगळे आले!"

यावेळी मी आवाज ओळखला. तो माझाच होता. आनंदी, घाईतला, केकची आठवण झालेला. जसाच्या तसा मागच्या वर्षीचा.

मी पळाले. दुसरा शब्द नाही त्याला. मान खाली घालून, दात-ओठ खाऊन पायडल मारले. पुढे लूसचा तांबडा दिवा दिसला, तो धरला आणि सोडला नाही. लूस आणि मी यांच्या मध्ये एक जण असायला हवा होता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

४८

४८ च्या खांबापाशी बाक आहे. तिथे सगळे पाणी प्यायला थांबले आणि मी मोजलं. बेरेंड. लूस. झाइस्ट गावाहून येणाऱ्या दोघी बहिणी. कोर आणि त्याची बायको. सहा. मी पुन्हा मोजलं. बोटाने, तलावाच्या काठावरून मोजायची तसं.

"तैमेन कुठाय?"

सगळ्यांनी मागे पाहिलं. "तुझ्या पुढे होता ना?" बेरेंड म्हणाला.

"सदतीसला वळला का तो?"

"हे तू मला विचारतेस? तूच ओरडलीस ना, सगळे आले म्हणून!"

"मी नाही ओरडले, बेरेंड."

"मीप, आम्ही सगळ्यांनी ऐकलं," लूस हळूच म्हणाली.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. कोर म्हणाला, "गेला असेल मधल्या वाटेने. बापावर गेलाय पोरगा. त्या जागी मन भरून आलं असेल, असू दे त्याला एकटं." बेरेंडने घड्याळ पाहिलं. "कॉफीघरात बसू. येईल तो तिथे." झाइस्टची धाकटी बहीण म्हणाली, "मोठा आहे तो, हरवणार थोडाच?" जवळजवळ तेच शब्द. मागच्या वर्षी याच बाकापाशी हेच बोलणं झालं होतं, आणि तेव्हा मी मान हलवून सगळ्यात आधी सायकलवर बसले होते.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले. "मी मागे जाऊन येते."

"वेडी आहेस का? मी येते तुझ्याबरोबर," लूस म्हणाली.

"नको. मोजायचं काम माझं आहे."

सायकल उलटी फिरवली आणि बाणांच्या विरुद्ध दिशेने निघाले. इतक्या वर्षांत ही वाट उलटी कधी चालवली नव्हती. सगळी झाडं अनोळखी वाटत होती. पाय हलके झाले होते, कमाल आहे! वर्षभराने पहिल्यांदा मी योग्य दिशेने चालले होते. "तैमेन!" मी ओरडत होते. "तैमेन! आले रे मी! थांब, आले!"

३७

सायकल झाडाला टेकून होती. तैमेन बुंध्याला पाठ लावून बसला होता, पाय लांब पसरून, हात मांडीवर. डोळे मिटलेले. बाप सापडला होता तसाच.

मग त्याने डोळे उघडले. "आलात, बाई."

"अरे मेल्या!" मी सायकल तिथेच टाकली आणि धावले. "काय झालं तुला? दुखतंय का कुठे? फोन का उचलत नाहीस?"

"काही नाही झालं. बसलोय." तो अंग चोरून थोडा डावीकडे सरकला आणि शेजारी जागा केली. "तुम्ही आज याल म्हणाले ते."

"कोण म्हणाले?"

त्याने नुसतं झुडपांकडे बघितलं. झुडपांमागे टिकटिक चालू होती. सायकल उचलून धरून चाक नुसतंच फिरवावं तशी, सावकाश. काटेरी पानांच्या फटीतून आऱ्यांवर ऊन चमकत होतं. तैमेनची सायकल माझ्या डोळ्यांसमोर झाडाला टेकलेली होती आणि तिची दोन्ही चाकं स्थिर होती.

"ऊठ," मी म्हणाले. "चल, ऊठ बघू. जाऊया इथून."

"आधी सांगा."

"काय सांगू?"

"बाई," तो म्हणाला. एवढंच.

आणि मी सांगितलं. उभ्या उभ्या, धापा टाकत, सगळं. नाडी सुटली होती ते. एक मिनिट थांब म्हणाला ते. मी ऐकलं ते. वळून न पाहता ओरडले ते. नंतर बेरेंडशी खोटं बोलले, तैमेनच्या आईशी खोटं बोलले, आज चढणीवर त्याच्याशी खोटं बोलले. "तो घरी निघाला नव्हता रे. फोनचा काही संबंध नाही. तुझं भांडण त्याच्या मनातही नसेल. तो आमच्याबरोबरच होता, मी त्याला टाकून गेले. तुझं काही चुकलं नाही. ऐकतोयस ना? काहीही चुकलं नाही."

तैमेनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. रडत होता की सुटल्यासारखा हसत होता, मला कळलं नाही. मलाही हलकं वाटलं. झालं, वाटलं. सांगून झालं. आता दोघं मिळून खाली जाऊ.

टिकटिक थांबली.

मी बघायचं नाही म्हणत असतानाच बघितलं. पानांच्या फटीत ब्रेकवर एक हात होता. सीत्सेचा अर्ध्या बोटांचा तपकिरी हातमोजा, शिवण उसवलेला. अंगठा सरकला. ट्रिंग-टक. मी झटकन मान फिरवली.

"तो झटक्यात गेला रे," मी घाईघाईने म्हणाले. तैमेनला म्हणाले की त्या झुडपांना, माहीत नाही. "डॉक्टर म्हणाले होते. कळलंसुद्धा नसेल त्याला."

"पन्नास मिनिटं," तैमेन म्हणाला.

"काय?"

"पन्नास मिनिटं बसले होते. इथेच. उठता येत नव्हतं, पण बघता येत होतं." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "इथून खालचा रस्ता दिसतो, बाई. उभ्याने नाही दिसत. बसल्यावर दिसतो."

मी बसायचं नाही म्हणत असतानाच खाली बसले. बुंधा पाठीला लागला, थंड आणि गुळगुळीत. आणि खरंच, झुडपांच्या खालच्या फांद्यांमधून, बुंध्यांच्या मधून, सगळं उघडं झालं. खाली इस्टेटीचं कुरण, मेंढ्या, ऊन, आणि त्यातून कॉफीघराकडे जाणारा पांढऱ्या शिंपल्यांच्या चुऱ्याचा रस्ता. किती जवळ होता! या रस्त्याने मी शंभरदा गेले असेन आणि वर एकदाही बघितलं नव्हतं.

रांग आली. बेरेंड पुढे. मग कोर, त्याची बायको. दोघी बहिणी. लूस. लूस काहीतरी बोलली आणि सगळे हसले, हसणं इथपर्यंत आलं. मी मोजलं. सहा. सहाच असायला हवेत. सहा.

लूसच्या मागून सातवी सायकल आली.

सातवीवर पिवळं जॅकेट होतं, मागच्या वर्षी त्या दिवशी मी घातलेलं. मागच्या मे महिन्यात मी ते जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकून आले होते, कारण मला ते अंगावर सहन होत नव्हतं. जॅकेटमधली बाई ताठ बसून चालवत होती, हात उंच करून, तोंड हसरं, कॉफीच्या ओढीने निघालेली.

मी ओरडले. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा माझा आवाज, सगळा लावला. "थांबा! अगं थांब! मी इथे आहे! मागे बघ!" मेंढ्यांनी माना वर केल्या. ती चालवत राहिली. "मीप!" मी माझंच नाव घेऊन ओरडले. "मीप, मागे बघ गं!"

तिने मागे बघितलं नाही. कुरणाच्या टोकाला रस्ता वळला आणि पिवळं जॅकेट झाडीत गेलं.

मी उठायला गेले. पाय हलेनात.

"ओरडू नका, बाई," शेजारून तैमेनचा आवाज आला, मायेने, पाठीवर हात ठेवून समजावतात तसा. "अजून एकोणपन्नास मिनिटं आहेत."